दहावीपासून खाणीपर्यंत: कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर

खाणक्षेत्रात जाऊ इच्छिणारे विद्यार्थी बहुधा जाहिरातीपासून सुरुवात करतात. कोळसा कंपनीची भरती निघते, शेजारचा कोणी अर्ज भरतो, मग आपल्या मुलानेही भरावा असे घरात ठरते. अर्जाच्या तिसऱ्या रकान्यात ‘वैध सक्षमता प्रमाणपत्राचा क्रमांक’ विचारला जातो आणि तिथे सगळे थांबते. ते प्रमाणपत्र कोण देते, त्यासाठी कोणता अनुभव लागतो आणि तो अनुभव मिळवायला दहावीनंतर कोणता अभ्यासक्रम घ्यायला हवा होता, हे प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा समोर येतात. तोवर चार-पाच वर्षे निघून गेलेली असतात.

हा लेख महाराष्ट्रातील, विशेषतः नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, भंडारा आणि गडचिरोली या खाणपट्ट्यातील नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी आहे. खाणीतील पर्यवेक्षकाची किंवा अधिकाऱ्याची जागा केवळ पदविकेवर वा पदवीवर मिळत नाही. खाण सुरक्षा महानिदेशालयाचे, म्हणजे धनबादला मुख्यालय असलेल्या ‘डीजीएमएस’चे सक्षमता प्रमाणपत्र त्यासाठी लागते. म्हणून शाळेतला निर्णय त्या प्रमाणपत्रापासून उलट मोजत घ्यावा.

## टप्पा 1: नववी-दहावीत आधी डोळे, कान आणि छाती तपासा

हा टप्पा सर्वांत आधी ठेवण्याचे कारण सोपे आहे. बाकीच्या चुका पैसा आणि वेळ घालवून दुरुस्त होतात, ही होत नाही.

खाणीत रुजू होण्यापूर्वी प्रत्येकाची प्रारंभिक वैद्यकीय तपासणी होते आणि पुढे ठराविक मुदतीने ती पुन्हा होत राहते. त्यात दृष्टी, श्रवणशक्ती, छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची क्षमता पाहिली जाते. काही संस्थांमध्ये रंगांधळेपणा असलेल्या विद्यार्थ्याला खाण अभियांत्रिकीच्या शाखेत प्रवेशच मिळत नाही. रंगांधळेपणा मुलाला स्वतःला बहुधा कळत नाही. लाल-हिरव्यातला फरक तो उजळपणावरून किंवा जागेवरून ओळखत आलेला असतो आणि घरच्यांनाही शंका येत नाही. नेत्रतज्ज्ञाकडे रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यावर होणारी चाचणी पाच मिनिटांत हा प्रश्न सोडवते.

भूमिगत कोळसा खाणीतील कामाशी नजरेचा थेट संबंध आहे. हवेत मिथेन साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असला की त्याचा स्फोट होऊ शकतो. ज्योतीच्या सुरक्षा दिव्याने त्याचे प्रमाण ओळखण्याच्या पारंपरिक पद्धतीत ज्योत बारीक करून तिच्यावर दिसणारी फिकट निळसर टोपी वाचावी लागते. गॅस चाचणीचे प्रमाणपत्र हे सरदार (पाळीवर खाणीच्या एका भागावर देखरेख करणारा) आणि ओव्हरमन (त्याच्या वरचा पर्यवेक्षक) होऊ पाहणाऱ्याला अनिवार्य असते.

तपासा: चष्म्याचा नंबर, रंगदृष्टी, दोन्ही कानांची श्रवणचाचणी आणि दमा किंवा जुना क्षयरोग असल्यास डॉक्टरांचे लेखी मत. हे कागद जपून ठेवा.

सावधान: तपासणीत दोष निघाला तर तो लपवून पुढे जाऊ नये. तोच दोष रुजू होण्याच्या वेळी निघतो आणि तेव्हा हातात दुसरा पर्याय नसतो. सर्वेक्षणाच्या नकाशांचे काम, प्रयोगशाळा, संगणकीय नियोजन, लेखा अशी खाणक्षेत्रातलीच अनेक कामे अशा विद्यार्थ्याला मोकळी राहू शकतात. मात्र प्रत्येक पदाची वैद्यकीय अट वेगळी वाचावी.

## टप्पा 2: वयाची मर्यादा समजून घ्या

18 वर्षांखालील व्यक्तीला खाणीत कामावर ठेवता येत नाही. 16 वर्षे पूर्ण झालेल्या शिकाऊ उमेदवारांना आणि प्रशिक्षणार्थींना खाण व्यवस्थापकाच्या योग्य देखरेखीखाली कायद्यात मर्यादित मुभा आहे, एवढाच अपवाद. बाल व किशोरवयीन कामगारविषयक 1986 च्या कायद्यातही खाणींचा समावेश किशोरांना मनाई असलेल्या धोकादायक कामांत केलेला आहे.

याचा व्यवहारातला अर्थ दुहेरी आहे. दहावीनंतर दोन वर्षे ‘अनुभव’ म्हणून दगडखाणीत किंवा ठेकेदाराच्या डंपरवर काढलेला काळ बेकायदेशीर तर असतोच, शिवाय तो पुढे कुठल्याही प्रमाणपत्रासाठी धरला जात नाही. आणि शाळेची खाणभेट ठरवताना शिक्षकांनी परस्पर ओळखीने मुलांना खाणीत नेऊ नये. कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे लेखी विनंती करून ते जिथवर परवानगी देतील तिथवरच जावे. बहुतेक वेळा व्यावसायिक प्रशिक्षण केंद्र, बचाव केंद्र किंवा खाणीचे दूरचे दर्शनस्थळ दाखवले जाते, आणि शाळकरी मुलांना तेवढे पुरेही पडते.

## टप्पा 3: वाट निवडा

येथे घाई करू नये. चार वाटा आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

### आयटीआयची वाट

दहावीनंतर फिटर किंवा इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे आणि डिझेल मेकॅनिक किंवा वेल्डर हे एक वर्षाचे व्यवसाय अभ्यासक्रम खाणक्षेत्रात सर्वाधिक उपयोगी पडतात. खुल्या खाणीतील शोव्हेल, डंपर, ड्रिल, पंप आणि कन्व्हेयर यांची देखभाल याच हातांवर चालते. या वाटेने गेलेला विद्यार्थी यंत्र विभागात जातो, उत्पादनाच्या पर्यवेक्षणात नाही. ‘आयटीआय केले की पुढे ओव्हरमन होता येईल’ असे समजणारे अनेक भेटतात. ती पायरी वेगळ्या अटींनी चढावी लागते. मात्र आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. तिचा विचार पहिल्याच वर्षी करून ठेवावा, कारण आयटीआयचे गुण त्या प्रवेशात मोजले जातात.

### पदविकेची वाट

खाणक्षेत्रात पर्यवेक्षक व्हायचे हे दहावीतच पक्के असेल, तर माझ्या मते हीच वाट सर्वांत सरळ आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ‘मायनिंग अँड माइन सर्व्हेइंग’ ही तीन वर्षांची पदविका विदर्भातील तंत्रनिकेतनांत शिकवली जाते. प्रवेशपरीक्षा नाही, दहावीचे गुणच पाहतात आणि किमान 35 टक्के गुणांची अट असते. पदविका, त्यानंतर खाणीतील प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मग ओव्हरमनचे किंवा सर्व्हेअरचे प्रमाणपत्र असा हा क्रम आहे. पुढे पदवी घ्यायची असल्यास अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाचे दार उघडे राहते.

पालक नेमके उलट करतात. मुलाला अकरावी विज्ञानात घालतात, बारावीला गुण कमी पडतात, मग पदविकेकडे वळतात. यात दोन वर्षे जातात.

### पदवीची वाट

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवेच. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या विद्यार्थ्याला खाण अभियांत्रिकीचा विचार करता येत नाही, आणि ही चूक दरवर्षी होते. धनबादची आयआयटी, खरगपूर आणि वाराणसीच्या आयआयटी यांत प्रवेशासाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते. नागपूरची व्हीएनआयटी तसेच रुरकेला, सुरतकल आणि रायपूरच्या एनआयटी येथील खाण अभियांत्रिकीचा प्रवेश जेईई मेनच्या क्रमवारीवर होतो. राज्यातील महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी आहे.

एनआयटीतील निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि राज्य ठरते ते बारावी कुठून उत्तीर्ण झाले यावरून. चंद्रपूर-गडचिरोलीचा विद्यार्थी शिकवणीसाठी हैदराबादला गेला आणि बारावीही तिथूनच दिली, तर व्हीएनआयटीच्या महाराष्ट्र कोट्यातून तो बाहेर पडतो. शिकवणी कुठेही लावा, बारावीचे केंद्र कोणत्या राज्यात आहे ते मात्र प्रवेश घेण्याआधी पाहा. शिवाय जेईई मेनमधून एनआयटी मिळवण्यासाठी बारावीला 75 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 65 टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान ही अट आहे. केवळ जेईईचा अभ्यास करून बारावीकडे पाठ फिरवणारे इथे अडकतात.

### भूविज्ञानाची वाट

महाराष्ट्र मंडळाच्या विज्ञान शाखेत भूविज्ञान हा ऐच्छिक विषय आहे. तो मिळत असेल तर घेण्यासारखा आहे. पण भूवैज्ञानिक आणि खाण अभियंता या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. पहिला खनिज कुठे, किती आणि कोणत्या प्रतीचे आहे ते सांगतो, दुसरा ते सुरक्षितपणे बाहेर काढतो. बी.एस्सी. भूविज्ञानावर थांबल्यास संधी फार थोड्या राहतात. संघ लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते. म्हणून ही पाच वर्षांची वाट आहे असे धरूनच निघावे. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरातच आहे. खनिज, लीज आणि उत्पादन यांविषयीचे त्यांचे प्रकाशित साहित्य बारावीनंतर चाळायला हरकत नाही.

तपासा: निवडलेल्या वाटेच्या शेवटी कोणते पद आहे, त्या पदाला कोणते प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रमाणपत्रासाठी कोणता अनुभव लागतो, ही तीन उत्तरे एका कागदावर लिहून काढा. एकही रकाना रिकामा राहत असेल तर फी भरू नका.

## टप्पा 4: कागदपत्रे निकालाच्या आधी जमवा

निकालानंतर प्रवेशफेरी सुरू व्हायला फार दिवस नसतात, आणि जात वैधता प्रमाणपत्र त्या दिवसांत मिळत नाही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी अकरावीतच महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज करावा. इतर मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी आणखी एक फरक लक्षात ठेवावा: राज्यातील प्रवेशासाठीचे नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र आणि आयआयटी-एनआयटीसाठी लागणारे केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र हे दोन निराळे कागद आहेत. केंद्रीय नमुन्यातले प्रमाणपत्र त्या वर्षीच्या 1 एप्रिलला किंवा त्यानंतर दिलेले असावे लागते. आपली जात राज्याच्या यादीत असून केंद्राच्या यादीत नसणेही शक्य आहे. तेही आधी पाहावे.

नावाचे काय? दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आहे तेच आधारवर, बँक खात्यावर आणि प्रत्येक अर्जात अक्षरशः तसेच असावे. वडिलांचे नाव मध्ये आहे की शेवटी, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एक आहे की दोन, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवरून शिकाऊ उमेदवारीची नोंदणी अडते आणि पुढे अनुभवाचा दाखला नाकारला जातो. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना शाळेने दाखवलेली प्रत पालकांनी न वाचता सही करून परत पाठवली, यातून यांपैकी बहुतेक घोळ सुरू होतात.

## टप्पा 5: प्रवेशाचा अर्ज भरताना

आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडून, पदविकेचे तंत्रशिक्षण संचालनालयाकडून आणि राज्यातील अभियांत्रिकीचे सीईटी कक्षाकडून होतात. तिन्हींची संकेतस्थळे व वेळापत्रके वेगळी आहेत, आणि एकात अर्ज केला म्हणून दुसरा झाला असे होत नाही.

पसंतीक्रमात खाणकामाची शाखा तळाशी टाकून, ‘नाहीच मिळाले काही तर हे’ म्हणून घेणाऱ्यांपैकी अनेक जण पहिल्याच वर्षी बाहेर पडतात. घ्यायचीच असेल तर वर ठेवा. नको असेल तर यादीत घालूच नका.

सावधान: ‘पत्राद्वारे मायनिंग डिप्लोमा’, ‘सहा महिन्यांत खाण सुरक्षा अधिकारी’ अशा जाहिरातींपासून दूर राहा. दूरस्थ पद्धतीने घेतलेली अभियांत्रिकीची पदविका अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) मान्य करत नाही, आणि सक्षमता प्रमाणपत्राच्या अर्जाला मान्यताप्राप्त नियमित शिक्षणच जोडावे लागते.

## टप्पा 6: शिक्षण चालू असताना

सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकाला दांडी मारू नये. लेव्हल, थिओडोलाइट आणि टोटल स्टेशन ही मोजणीची उपकरणे हाताळता येणारा पदविकाधारक खाणीत पहिल्या महिन्यापासून उपयोगी ठरतो, आणि सर्व्हेअरच्या प्रमाणपत्राची तयारीही इथेच होते. वायुविजन, स्फोटके, छताचा आधार हे विषय पाठ करण्यापेक्षा आकृतीतून समजून घ्यावेत. पुढच्या परीक्षांत तेच पुन्हा येतात. आणि हिंदी बोलण्याचा सराव ठेवावा. विदर्भातील कोळसा खाणीत शिफ्टवरचा व्यवहार मोठ्या प्रमाणात हिंदीतून चालतो, आणि सूचना नीट न समजणे हा तिथे नुसता संकोचाचा प्रश्न उरत नाही.

प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र शिक्षण चालू असतानाच मिळवण्याचा प्रयत्न करावा. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा अभ्यासक्रम छोटा आहे. प्रमाणपत्राची मुदत मात्र तपासावी, कारण अर्जाच्या दिवशी ते वैध असले पाहिजे.

## टप्पा 7: प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि एकदाच मिळणारी संधी

पदविकाधारकाला एका वर्षाचे ‘पीडीपीटी’ (पदविकेनंतरचे प्रत्यक्ष प्रशिक्षण) आणि पदवीधराला ‘पीजीपीटी’ (पदवीनंतरचे प्रत्यक्ष प्रशिक्षण) असे खाणीतील प्रशिक्षण मिळू शकते. वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपल्याकडची वेकोलि, आणि इतर कंपन्या त्यासाठी अर्ज मागवतात. नोंदणी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेच्या, म्हणजे ‘नॅट्स’च्या पोर्टलवर होते. आयटीआयवाल्यांसाठी वेगळे पोर्टल आहे.

अनेक जणांची सर्वांत महागडी चूक इथे होते. शिकाऊ उमेदवारी एकदाच करता येते. पदविका हातात पडली, खाणीची जाहिरात अजून निघाली नाही, म्हणून मधल्या काळात एखाद्या बांधकाम कंपनीत किंवा कारखान्यात नॅट्समधून वर्षभर शिकाऊ म्हणून लागलेला विद्यार्थी पुढे खाणीतील प्रशिक्षणाला अपात्र ठरतो. सक्षमता प्रमाणपत्राला लागणारा खाणीचा अनुभव मग दुसऱ्या, लांबच्या मार्गाने मिळवावा लागतो. थांबायचेच असेल तर शिकाऊ उमेदवारीची नोंद होणार नाही असे काही करावे किंवा अभ्यास करावा.

तपासा: प्रशिक्षण संपताना मिळणाऱ्या दाखल्यावर खाणीचे नाव, खनिज, भूमिगत की खुली खाण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि व्यवस्थापकाची सही व शिक्का आहे का? केवळ ‘प्रशिक्षण समाधानकारक’ एवढ्या ओळीचा दाखला घेऊन घरी येऊ नका.

## टप्पा 8: सक्षमता प्रमाणपत्र

कोळसा खाणींसाठी 2017 ची कोळसा खाण विनियमावली लागू होते आणि मँगनीज, लोह अशा धातुखाणींसाठी 1961 ची धातुखाण विनियमावली. पहिल्यात सरदार, ओव्हरमन, सर्व्हेअर आणि व्यवस्थापकाच्या द्वितीय व प्रथम श्रेणीची प्रमाणपत्रे आहेत. दुसऱ्यात मेट (कामगारांच्या गटाचा पर्यवेक्षक), ब्लास्टर (सुरुंग उडवणारा), फोरमन (मेटच्या वरचा पर्यवेक्षक) आणि वर व्यवस्थापक. मॉइल या सरकारी कंपनीच्या मँगनीज खाणीत, समजा भंडाऱ्याच्या चिखल्यात, घेतलेला अनुभव कोळशाच्या ओव्हरमनसाठी जसाच्या तसा चालेल असे गृहीत धरू नये.

‘रिस्ट्रिक्टेड’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. असे प्रमाणपत्र केवळ खुल्या खाणीपुरते असते. ते मिळवणे तुलनेने सोपे वाटते म्हणून अनेक जण तेच घेतात, आणि भरतीच्या जाहिरातीत ‘अनरिस्ट्रिक्टेड’ मागितलेले पाहून हळहळतात. भूमिगत खाणीत प्रशिक्षणाची संधी मिळत असेल तर केवळ धुळीला किंवा अंधाराला कंटाळून ती सोडू नये.

अर्जासोबत वैद्यकीय दाखला, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र, कोळशासाठी गॅस चाचणीचे प्रमाणपत्र आणि अनुभवाचा दाखला जोडावा लागतो. एका कागदाची मुदत संपलेली असली तरी अर्ज परत येतो.

पदवीधरांसाठी कोल इंडियाची व्यवस्थापन प्रशिक्षणार्थींची भरती ‘गेट’ या अभियांत्रिकी पदवीधरांच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर झालेली आहे, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षी गेटचा मायनिंगचा पेपर द्यावाच. तो उत्तीर्ण झाला तरी व्यवस्थापकाच्या प्रमाणपत्राची परीक्षा चुकत नाही.

## मुलींसाठी स्वतंत्र सूचना

‘मुलींना खाणीत घेत नाहीत’ हे वाक्य अजूनही शाळांत ऐकू येते. 2019 च्या अधिसूचनेने खुल्या खाणीत रात्रपाळीसह, आणि भूमिगत खाणीत सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांवर, लेखी संमती आणि सुरक्षेच्या अटींसह स्त्रियांना नेमण्यास परवानगी मिळाली. मुलींनी पदविका व पदवीच्या प्रवेशात ही शाखा केवळ ऐकीव कारणावरून वगळू नये.

## ज्यांची जमीन प्रकल्पात गेली आहे त्यांच्यासाठी

भूसंपादनाच्या बदल्यात मिळणाऱ्या नोकरीसाठी घरातील सर्वांत धाकट्या मुलाचे नाव पुढे केले जाते आणि तो बारावीत शिक्षण सोडून बसतो. नामांकन करताना शिक्षण थांबवण्याची गरज नसते. प्रक्रियेला वेळ लागतोच, तेवढ्यात पदविका पूर्ण होऊ शकते, आणि सामान्य मजूर म्हणून रुजू होणे आणि तांत्रिक पात्रतेसह रुजू होणे यांत निवृत्तीपर्यंतचा फरक पडतो. आधीच मजूर म्हणून लागलेल्यांनीही आपला भूमिगत कामाचा अनुभव नीट नोंदवून सरदारच्या परीक्षेची तयारी करावी. खाणीतले कितीतरी सरदार याच वाटेने वर आलेले आहेत.

सावधान: जमिनीच्या नोकरीत किंवा थेट भरतीत ‘नाव लावून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे आणि मूळ कागदपत्रे देऊ नयेत. भरतीची सूचना कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नसेल तर ती भरती नाही असे समजावे.

## टप्पा 9: रुजू होताना

निवडपत्र आल्यावर प्रारंभिक वैद्यकीय तपासणी होते आणि त्यानंतर 1966 च्या नियमांनुसार व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रातील प्राथमिक प्रशिक्षण. ठेकेदारामार्फत लागणाऱ्यांनाही हे दोन्ही लागू आहे, आणि नेमके तिथेच ते टाळण्याचा प्रयत्न होतो. ‘दोन दिवस काम कर, प्रशिक्षण नंतर पाहू’ असे सांगितले गेले तर नकार द्यावा. वैद्यकीय तपासणीचा आणि प्रशिक्षणाचा दाखला हातात नसताना हेल्मेट आणि सुरक्षा बूट मिळाले तरी खाणीत उतरू नये.